तीन ठिकाणी परखी

९ जानेवारी, गुरुवार. आज परख्या घासायला काढल्या.

नवी तूर येऊ लागली की आमच्या दाल मिलच्या नमुना खोलीत हेच पहिलं काम. परखी म्हणजे हातभर लांब, टोकदार, पोकळ लोखंडी नळी. पोतं न उघडता त्याच्या पोटातला दाणा बाहेर काढायला वापरतात. वर्षभर पडून राहिली की तिला आतून गंज धरतो. तो दाण्याला लागला की नमुना बिघडतो. म्हणून राख आणि काथ्या घेऊन सकाळपासून बसले होते. पाच परख्या. चार मिलच्या, पाचवी पितळी मुठीची, मिलमधल्या आमच्या जुन्या काकांची. ती त्यांनी मला दिली असं ते म्हणतात. मी सांभाळायला घेतली असं मी म्हणते.

तिसरी घासत होते तेव्हा नागपूरहून काकांच्या पुतण्याचा फोन आला. काकांच्या डोक्यात उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ आहे. ती कसली आहे हे कळावं म्हणून मागच्या आठवड्यात कवटीला बारीक भोक पाडून, सुईनं तिचे तुकडे काढले. त्याचा रिपोर्ट आज आला.

"ताई, काहीच नाही निघालं त्याच्यात."

"काहीच म्हणजे?"

"सूज आहे म्हणते. गाठ कायची थे सांगता येत नाही म्हणते. डॉक्टरीणबाई म्हणते, पुन्हा सुई टाका लागन. मी म्हणलं, एक भोक पाडलं, काही निघालं नाही, आता दुसरं काऊन पाडू द्याव? उद्या दुपारी दवाखान्यातून सुट्टी घेतो अन् काकाले घरी सोनाळ्याले घेऊन जातो."

"घाई करू नका."

"घाई कायची, ताई? गाठ लहान झाली असं थेच सांगून राह्यले. होईन आपोआप बरी."

गाठ लहान का झाली आणि सुईत काही का सापडलं नाही, ते मला माहीत आहे. फक्त मलाच माहीत आहे. मला कुणी विचारलं नाही असंही नाही. प्रश्न माझ्यासमोर विचारला गेला आणि मी गप्प राहिले. ते लिहायचंच आहे. पण आधी हा माणूस कसा आहे ते लिहिते, नाहीतर मी नेमकं काय केलं ते कळायचं नाही.

मी मिलमध्ये लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. काका तिथले माल पाहणारे. आलेल्या प्रत्येक गाडीतल्या पोत्यांना परखी लावायची आणि शेठना चिठ्ठी द्यायची, हे त्यांचं काम. पहिल्या दिवशी त्यांनी मला एका पोत्यासमोर उभं केलं.

"बाई, याच्यात काय आहे?"

"तूर."

"कशावरून?"

"पोत्यावर लिहिलंय."

"मंग शेठनं तुले वाचाले ठेवलं काय?"

त्यांनी परखी लावली. एक वर, एक पोटात, एक खाली. तिन्ही नमुने माझ्या ओंजळीत वेगवेगळे धरायला लावले. मग पोत्याला पडलेली तिन्ही भोकं अंगठ्यानं घासून बुजवली. ताग असा सरकवला की भोक कुठं होतं ते दिसेना. "आपण गेलो होतो हे पोत्याले समजलं नाही पाह्यजे," म्हणाले. हे ते प्रत्येक पोत्याला करायचे. घाई असली तरी. पाऊस आला तरी.

चिठ्ठीवर ते तीनच गोष्टी लिहीत: घ्या, नका घेऊ, सांगता येत नाही. शेठना तिसरीचा भारी राग.

"तुम्हाले पगार सांगाचाच देतो ना मी?"

"सांगतलं ना. सांगता येत नाही, हे सांगतलं."

ओलावा मोजायचं मशीन आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता काकांचं काम संपलं. काकांनी महिनाभर आधी दाणा पुढच्या दातानं फोडला, आवाज ऐकला, मनात आकडा धरला आणि मग मशीनकडे पाहिलं. महिन्यानंतर शेठना जाऊन म्हणाले, "मशीन बराबर आहे. राहू द्या."

त्यांना कुणी "कसे आहात काका?" विचारलं तर "बरा आहे" असं उत्तर चोवीस वर्षांत मी ऐकलं नाही. ते म्हणायचे, "पाहा लागन." आधी गंमत वाटायची. मग कळलं की त्यांना खरंच पाहिल्याशिवाय सांगवत नाही. लग्नाच्या पंगतीत वरणाच्या पातेल्यात पळी तळापर्यंत घालून घेत. वाढणारे ओरडत, हे ऐकत नसत. त्यांच्या बुशशर्टाच्या खिशात कायम दाणे. यार्डातल्या बकऱ्या त्यांच्या मागं मागं फिरत. बायको गेल्यावर कपडे धुणारं कुणी नव्हतं, तेव्हा एका पावसाळ्यात खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात हरभरा उगवला होता. तो मी पाहिला आहे.

सगळ्यात मोठा तमाशा पुतण्याच्या लग्नाच्या वेळी केला. मुलगी पाहायला चारजण पुढच्या दारानं गेले. काका मागच्या दारानं गेले, पाणी मागितलं आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून चुलीजवळचा तुरीचा डबा उघडला. हात कोपरापर्यंत आत घातला. मुलीच्या वडलांनी रंगेहाथ पकडलं.

"हे काय करून राह्यले तुमी?"

"तळची डाळ पाहून राह्यलो. वरची तं सगळेच निवडून ठेवते."

सोयरीक मोडता मोडता राहिली. तीच मुलगी आज काकांची सून. काका नागपूरला गेल्यापासून पुतण्याबरोबर तीच त्यांच्या उशाशी बसली आहे.

एक गोष्ट मात्र त्यांना अजिबात चालत नसे. काही व्यापारी, माल पाहायला माणूस येणार हे कळलं की सकाळी पोती उघडून ओली तूर दोन तास उन्हात पसरायचे आणि पुन्हा भरायचे. दाणा वरून कडक लागतो. दातालाही फसवतो, मशीनलाही फसवतो. चार दिवसांनी आतला ओलावा वर येतो आणि कोठी बुरशीनं भरते. काका अशा पोत्यात परखी घालायच्या आधी तळवा घालत. गरम लागलं की हात बाहेर काढून धोतराला पुसत.

"ऊन काय दाखवतो बे? तूर दाखव."

आणि मला सांगत, "बाई, माल जसा आहे तसाच पाहाचा. आधी त्याच्यावर काही केलं असन तं परखीले दोष नाही देता येत. परखी तं खरंच सांगते. तिले दाखवलंच खोटं."

हे मी शंभरदा ऐकलं आहे. नवीन पोरींना मीच शिकवते.

दिवाळीनंतर एक दिवस काका मिलमध्ये आले. कामातून मोकळे होऊन त्यांना सात वर्षं झाली, पण येतात रोज. माझ्या हातून परखी घेतली आणि डावीकडच्या पोत्याला लावायला गेले. परखी हवेत. पुन्हा हवेत. तिसऱ्यांदा भिंतीवर.

"डावीकडचं पोतं कोणी नेलं?"

पोतं तिथंच होतं. मी त्यांना उजवीकडे फिरवलं तेव्हा त्यांना ते दिसलं. दुसऱ्याच दिवशी अकोल्याला नेऊन स्कॅन काढला, तिथून नागपूर. मी उगाच वाट पाहत बसणारी नाही.

नागपूरच्या डॉक्टरीणबाई चाळिशीच्या. भराभर बोलतात, पण समोरच्याला कळलं का ते पाहतात. त्यांनी काकांनाच सांगितलं, पुतण्याला नाही. डोकं एका चौकटीत पक्कं बसवायचं म्हणजे हलणार नाही. स्कॅनवरून कॉम्प्युटर सुईची वाट ठरवून देतो. जागा बधिर करून कवटीला पेन्सिलीएवढं भोक, त्यातून सुई.

"परखी किती जाड?" काकांनी विचारलं.

बाई माझ्याकडे पाहू लागल्या. परखी म्हणजे काय ते मी सांगितलं. त्या हसल्या. "शेवईपेक्षा थोडी जाड, आजोबा."

"किती ठिकाणी लावता?"

"भोक एकच. पण खोली बदलून चार-पाच तुकडे घेते."

"मधातून?"

"मधून आणि काठावरूनही. बऱ्याचदा गाठीचा मधला भाग मेलेला असतो, त्यातून काही कळत नाही. पहिला तुकडा तिथल्या तिथं सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, जागा बरोबर आहे का ते."

काका माझ्याकडे वळले. "ह्या बाईले पोतं समजते."

पुतण्यानं धोका विचारला. बाईंनी काही लपवलं नाही. बहुतेकांना काही होत नाही. थोड्यांना आत रक्तस्राव होतो, हातापायाची ताकद जाऊ शकते, क्वचित जीवही जातो. आणि सगळं नीट होऊनही उत्तर मिळत नाही, असंही होतं.

"मंग अंदाजानं औषध नाही देता येत?"

"टीबीची गाठ असेल तर एक औषध, कॅन्सरची असेल तर वेगळं, आणि कॅन्सरमध्येही प्रकार आहेत. एकाचं दुसऱ्याला दिलं तर वेळ जाईल. यांच्याकडे तेवढा वेळ नाही."

काका म्हणाले, "पोतं नुसतं पाहून मी कव्हा भाव सांगतला काय? आण कागद." सही त्यांनी स्वतः केली. कागदाच्या डाव्या बाजूला जागा सोडली होती ती त्यांना दिसली नाही, म्हणून उजव्या काठावर केली.

बारा दिवसांनंतरची तारीख मिळाली. मी फाइलच्या झेरॉक्स काढायला खाली गेले, तेव्हा बाईंनी पुतण्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. परत येताना गाडीत तो मला म्हणाला, "तवरोक गोळ्या-बिळ्या काही देऊ नका म्हणे. जास्त झालं तं उचलून आणा म्हणे." मला वाटलं, डॉक्टर सगळेच असं म्हणतात.

काका सोनाळ्याला गेले नाहीत. मिलच्या मागं त्यांची एक खोली आहे, तिथंच राहिले. डबा माझ्याकडून. सातव्या दिवशी दुपारी डबा घेऊन गेले तर ते खाटेची कड धरून बसले होते. सकाळपासून दोनदा ओकले होते. डोकं फुटतंय म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून "फुटतंय" असं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. डावा पाय उचलत नव्हता. पुतण्याला फोन लावला. सोनाळ्याकडे डोंगराच्या बाजूला रेंज लागत नाही. गाडी करून नागपूरला न्यावं हे मनात आलं. पण बेड मिळेल का, तारखेच्या आधी कोण पाहील, हेही आलं.

माझ्या सासूबाईंना दमा होता. त्या गेल्या, गोळ्या राहिल्या. मी वस्तू फेकत नाही. त्यांचे डॉक्टर म्हणायचे, ही स्टेरॉइडची गोळी आहे, सूज झपाट्यानं उतरवते. मला त्यातलं सूज तेवढं आठवलं. काकांच्या डोक्यात सूज आहे हे स्कॅनवर लिहिलेलं होतं. लगेच एक दिली, रात्री एक, पुढं रोज दोन. चार दिवस. आठ गोळ्या.

तिसऱ्या दिवशी काका उठून बसले. भाकर आणि ठेचा मागितला. चौथ्या दिवशी मिलमध्ये आले आणि डावीकडच्या पोत्याला पहिल्या झटक्यात परखी लावली. यार्डातल्या माणसांनी त्यांना चहा पाजला. मी खूश होते. कुणापासून लपवलं नाही, कारण लपवण्यासारखं काही केलंय असं मला तेव्हा वाटतच नव्हतं.

नागपूरला सुईच्या आधी पुन्हा स्कॅन झाला. बाईंनी फिल्म उजेडाला धरली.

"थोडी लहान दिसते आहे. स्टेरॉइडची गोळी दिली का कुणी?"

"नाही जी," पुतण्या म्हणाला. "तुमी सांगतलं होतं ना."

"बरं. काही गाठी त्या गोळीनं तात्पुरत्या विरघळतात. मग सुईत ओळखण्यासारखं काही हाती लागत नाही, आणि नंतर गाठ परत येते. म्हणून विचारलं."

मी पिशवी घेऊन पुतण्याच्या बाजूलाच उभी होते. तेव्हा बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण मी हिशेब केला: ऑपरेशनची वेळ उद्या सकाळची ठरलेली, बेड मुश्किलीनं मिळालेला, पुतण्या इथं सगळ्यांसमोर ओरडेल, आणि आठ जुन्या, बारक्या गोळ्यांनी असा काय फरक पडणार. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. बाई पुढच्या खाटेकडे गेल्या.

सुई नीट झाली. नंतरच्या स्कॅनमध्ये रक्त दिसलं नाही. पहिला तुकडा पाहून जागा बरोबर आहे असं सांगितलं. मी परत येऊन कामाला लागले आणि आठ दिवस कुणाचाही फोन वाजला की उभी राहत होते.

माल उन्हात घालून मी परखी लावू दिली. एवढंच झालं.

आज पुतण्यानं बोलणं झाल्यावर फोन काकांना दिला.

"काका, कसं वाटतंय?"

"पाहा लागन." मग म्हणाले, "माय, एक सांग मले. बाईची परखी बराबर जागी गेली. पह्यला तुकडा पाहून थ्या लोकायनं तसं सांगतलं. चार-पाच ठिकाणून काढला. मंग माल काऊन नाही समजला? सकाळपासून हेच पाहून राह्यलो मी. बाईची चूक दिसत नाही. मंग चूक कोणाची?"

मी म्हटलं, "काका, मालाची गाडी आली, ठेवते."

गाडी आली नव्हती.

उरलेल्या दोन परख्या घासल्या. दवाखान्याच्या नंबरावर दोनदा फोन लावला, कुणी उचलला नाही. बाईंचा नंबर माझ्याकडे नाही. उद्या दुपारी ते काकांना घरी नेतील. आठ-पंधरा दिवस बरे जातील. मग परखी पुन्हा हवेत जाईल. तेव्हा पुतण्या म्हणेल, सुई टाकून तरी काय मिळालं होतं? पुन्हा नागपूरला कुणी जाणार नाही, आणि कसली गाठ होती ते कधीच कळणार नाही. बाई हुशार आहेत, पण त्यांना जे दाखवलं त्यावरूनच त्या बोलणार.

काकांची गांधीलमाश्यांची गोष्ट लिहायची राहिली. मी लागले त्याच्या तिसऱ्या वर्षी एका व्यापाऱ्याच्या गोदामात काकांनी मोठा लॉट पास केला. महिन्याभरात मिलमधली एक कोठी कुबट निघाली. छत गळतं असं सगळ्यांनी धरलं. शेठनी पत्रे बदलायला माणसंही बोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिलमध्ये आले तर काका शेठच्या खोलीत टोपी हातात घेऊन उभे.

"पत्रे नका बदलू. थ्या गोदामात मी मांगच्या रांगेत गेलोच नाही. तिथं गांधीलमाश्या होत्या. म्होरच्याच पोत्याले परखी लावली."

शेठ थक्क झाले. "तुम्हाले कोणी विचारलं होतं काय?"

"विचारलं नाही म्हणून तं आलो."

मग चार दिवस ती सगळी कोठी आम्ही दोघांनी चाळली. काका एकदाही त्या विषयावर बोलले नाहीत. मीही नाही. मला तेव्हा वाटलं होतं, हा माणूस फुकट नोकरी घालवेल एखाद दिवशी.

१० जानेवारी. सकाळी सासूबाईंचा गोळ्यांचा डबा उघडला. त्या गोळ्यांची पट्टी वरच होती, ती पर्समध्ये टाकली. घरच्यांना सांगितलं, नागपूरला जातेय, कधी येईन ते तिथून कळवते. मिलची किल्ली वॉचमनला दिली. स्टेशनावर तिकीट काढलं आणि फलाटावर उभं राहून पुतण्याला फोन लावला. गाडीत बसल्यावर लावला असता तर आवाज येत नाही असं सांगायला जागा राहिली असती.

"सुट्टी घेऊ नका. मी येतेय."

"काऊन ताई? काय झालं?"

"काकांना स्टेरॉइडच्या गोळ्या मी दिल्या होत्या. आठ. म्हणून सुईत काही निघालं नाही."

तो म्हणाला, "बाईनं विचारलं तव्हा तं तुमी बाजूलेच उभ्या होत्या."

"हो."

"मंग तोंड शिवलं होतं काय तुमचं? म्हाताऱ्याच्या डोक्याले फुकट भोक..." पुढं त्यानं बरंच ऐकवलं. मी ऐकलं. तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला, "दे इकडं."

फोन हातातून हातात गेल्याची खरखर झाली.

"किती?"

"आठ. रोज दोन, चार दिवस."

"सुईच्या किती रोज आधी?"

"शेवटची दोन दिवस आधी."

त्यांनी लांब श्वास सोडला. पोत्याच्या तळाशी परखी पोचली की सोडायचे तसा.

"म्हणजे परखीचा दोष नव्हता."

"नाही काका."

"अन् बाईचाही नाही."

"नाही."

"माल उन्हात घातला आपण, हे तुह्या ध्यानात नाही आलं?"

"आलं. उशिरा आलं. मग बोलले नाही."

ते पुतण्याला म्हणाले, "सुट्टी नाही घ्याची. पुन्हा टाका लागन. कव्हा थे बाई सांगन." आणि मला, "तोंडी नको सांगू तिले. गोळीचं नाव वाचाले पाह्यजे. पट्टी आण."

गाडी आली. मी चढले, खिडकीजवळ जागा मिळाली. पर्स उघडून पुन्हा पाहिलं. दहाची पट्टी. आठ घरं फुटलेली, दोन भरलेली.